खांद्याच्या मापाचं तोंड

मी रांजण. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, तोंड तेवढं वर. पुरलेला आहे म्हणजे गप्प बसेल असं ज्यांना वाटलं त्यांचा हिशेब चुकला. आज मी बोलणार आहे. सावकाश बोलेन, घाई माझ्या अंगातच नाही. पण बोलेन ते सगळं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. मी पाण्याचा रांजण नाही. माझ्या पोटात द्राक्षांची वाइन होते. दारू म्हणा, मला राग नाही. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. पाण्याच्या रांजणाला लोक हात जोडतात आणि माझ्यापाशी आले की पदर नाकाला लावतात. माती तीच, आग तीच, कुंभाराचे हातही तेच. पोटात काय भरायचं हे आम्हाला कोण विचारतं? पण जे भरलं ते मी नीट सांभाळलं. त्याची लाज मला कधी वाटली नाही, पुढेही वाटणार नाही.

शाळा मी शिकलेलो नाही. माती कुठे शाळेत जाते? जे ऐकलं, जे अंगावर आलं, तेवढंच सांगतो.

माझी माती टेकडीच्या पोटातली. लालसर, थोडी वाळूची, बोटांना धरून राहणारी. आमचा कुंभार म्हातारा आणि तोंडाचा फटकळ. माती आणायला गेला की आधी चिमूटभर जिभेवर ठेवायचा. खारट लागली की थुंकायचा आणि त्या जागेला शिव्या द्यायचा, जणू तिने त्याला मुद्दाम फसवलंय.

माझ्याएवढा रांजण चाकावर होत नाही. मातीच्या लांब वळ्या करायच्या आणि एकीवर एक बसवत जायचं. चाक फिरत नाही, कुंभारच फिरतो. आज वीतभर चढलं की पुरे. खालचं सुकून वरचं पेलायला तयार झालं की मगच पुढची वळी. घाई केली तर सगळं बसकण मारतं. गिऱ्हाईक मध्येच येऊन विचारायचं, "अजून किती दिवस?" कुंभार माझ्याकडे बोट दाखवायचा. "मला काय विचारता? त्याला विचारा."

मी खांद्यापर्यंत आलो आणि कुंभाराने हात धुतले. तोंड करायच्या आधी तो गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायचा, घरच्या माणसांसकट. ही त्याची रीत होती.

ते आले. बाप आणि त्याची दोन मुलं. मुलांना आई नाही हे त्यांच्या कपड्यांच्या बटणांवरूनच कळत होतं. बापाला सगळे बाबा म्हणायचे, मीही बाबाच म्हणतो. मुलगा थोरला, तो दादा. धाकटी मुलगी इतकी बारीक की घरात तिला काडीच म्हणत.

कुंभाराने खिशातून सुतळी काढली. "मालक, आत कोण उतरणार?"

"मी उतरेन," बाबा म्हणाले.

कुंभाराने त्यांच्या पोटाकडे शांतपणे बघितलं. "आणि हे? हे बाहेर कोणाच्या हवाली करून उतरणार?"

बाबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. माणूस मुळातच कमी बोलणारा.

आता हा प्रश्न का, ते सांगायला हवं. रांजण दर वर्षी रिकामा झाला की आतून घासावा लागतो, आणि तो बाहेरून घासता येत नाही. माणसाने शिडी लावून पोटात उतरावं लागतं. तोंड मोठं ठेवलं तर कोणीही उतरेल, पण मग हवाही उतरेल आणि वाइनचं आंबट पाणी होईल. म्हणून तोंड लहान हवं. किती लहान? तर जो उतरणार त्याचे खांदे कसेबसे जातील एवढं. आमच्या कुंभाराचा सगळा शहाणपणा त्या सुतळीत होता.

कुंभार सुतळी घेऊन दादाकडे वळला. दादाने छाती पुढे काढली. तेव्हाच तो दारातून जाताना जरा तिरका व्हायचा.

"त्याचं नको," बाबा म्हणाले. "तो आत गेला तर रांजण सदऱ्यासारखा अंगात घालून बाहेर येईल. हिचं घ्या."

सगळे हसले. बाबांचा विनोद म्हणजे उन्हाळ्यातला ढग, सहसा यायचाच नाही, म्हणून जास्तच हसले. दादाही हसला. मग तो अंगणाच्या कडेला जाऊन फुटक्या मडक्यांना लाथा मारत बसला. हे कोणी बघितलं नाही. मी बघितलं. मला तेव्हा तोंड नव्हतं, म्हणून बोललो नाही.

काडीच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सुतळी धरून कुंभाराने गाठ मारली, आणि वर दोन बोटं जागा ठेवली. "पोर आहे. हाडं वाढायचीत अजून."

"आणि ही सासरी गेल्यावर?" कुंभाराच्या बायकोने आतून विचारलं. "रांजण काय तिच्या मागून चालत जाणार आहे?"

"तेव्हाचं तेव्हा," बाबा म्हणाले. तोंडावर आलेलं काम करावं आणि पुढचं पुढे ढकलावं ही माणसांची जुनी खोड. पण माती एकदा भाजली की पुढे ढकलता येत नाही. जे माप दिलं ते दिलं.

मग मी आगीत गेलो. आगीबद्दल फार सांगत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बाहेर आलो तेव्हा अंग गरम असतानाच कुंभाराने आतून मधाच्या पोळ्याचं मेण चोळलं. ते माझ्या अंगात असं मुरलं की आजही माझ्या पोटात तोंड घालून वास घ्याल तर तळाशी थोडी मधमाशी सापडेल.

जाताना कुंभाराने बाबांना आणि काडीला समोर उभं केलं. त्याचा फटकळपणा त्या वेळी कुठे गेला कोण जाणे.

"ऐका. द्राक्षं आंबतात तेव्हा एक जड हवा निघते. तिला रंग नाही, वास नाही. रिकाम्या रांजणाच्या तळाशी ती बसून राहते. आधी दिवा खाली सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. तेवला तर उतरायचं. आणि आत उतरेल त्याने बोलत राहायचं. जो तोंडाशी बसेल त्याने उत्तर देत राहायचं. आतलं बोलणं थांबलं की विचार करायचा नाही, दोर ओढायचा. माझ्या भावाने विचार केला होता." एवढं बोलून तो आत निघून गेला.

नंतर मला गाडीत पेंढ्यावर निजवून या कोठारात आणलं, खड्डा खणला, आणि कडेने वाळू ठासत गळ्यापर्यंत पुरलं. माणसाला मेल्यावर पुरतात. मला पुरलं आणि माझा जन्म सुरू झाला.

काय सांगू ते पहिले हंगाम! पायांनी तुडवलेली द्राक्षं सालीबियांसकट माझ्यात यायची. काही दिवसांत पोटात अशी खळबळ उडायची की चोथा वर उसळून काठाशी यायचा. बाबा लांब दांड्याने तो पुन्हा खाली दाबायचे. मी वर ढकलायचो, ते खाली दाबायचे. आमची कुस्ती चालायची. हळूहळू राग ओसरायचा, साली तळाला जायच्या आणि जमिनीचा गारवा माझ्या अंगातून आत जायचा. हिवाळाभर मी फक्त धरून ठेवायचो. धरून ठेवणं हे काम दिसत नाही, म्हणून त्याची कोणी तारीफ करत नाही. करून बघा म्हणजे कळेल.

पण माझा खरा दिवस धुण्याचा. थंडी सरली, वाइन काढून घेतली, की दिवा खाली यायचा. मग काडीचे पाय, मग कंबर, मग एक खांदा वर आणि एक खाली करत ती सुळकन आत. हातात काथ्याचा कुंचा, कमरेला दोर. आणि वर, माझ्या तोंडाशी, बाबा.

"बाबा, आहात का?"

"आहे."

"नुसतं आहे म्हणू नका. बोलायचं असतं."

"बरं." मग दोर या हातातून त्या हातात. "पाठ दुखतेय."

"कधीपासून?"

"कालपासून."

"मग काल का नाही सांगितलं?"

"काल तू आत नव्हतीस."

असं होतं ते. घरात बापलेक जेवायला समोरासमोर बसले तरी मीठ दे, पाणी दे, याच्या पलीकडे गाडी जायची नाही. माझ्या पोटात मात्र नियम होता, आणि नियम जिवाचा होता. टाळता येत नव्हतं. आईला काय झालं होतं, हे काडीने माझ्या तळाशी बसून विचारलं आणि बाबांनी वरून सांगितलं. सांगताना ते मध्येच अडले, तर काडी म्हणाली, "थांबू नका बाबा, नाहीतर मला दोर ओढावा लागेल तुमचा." मग दोघंही हसले. आत हसलेलं बाहेर दुप्पट ऐकू येतं.

एका वर्षी तिने घासता घासता म्हटलं, "बाबा, मला त्या गवंड्याशी लग्न करायचंय."

वर सामसूम.

"बाबा? बोला. मेलं कोण, मी की तुम्ही?"

"भिंत सरळ बांधतो का?"

"बांधतो."

"मग बघू."

झालं, लग्न ठरलं. गवंडी कोण, कुठला, याची चौकशी नंतर.

आणि दादा? दादा गरम पाण्याच्या बादल्या आणायचा, माझ्या काठाशी ठेवायचा आणि जायचा. येताना बोलणं ऐकू यायचं, जाताना ऐकू यायचं. कधी कधी तो बादली ठेवून क्षणभर थांबायचा. बाबा मान वर करून म्हणायचे, "अजून एक आण." तो आणायचा.

काडी सासरी गेली तरी दर वर्षी धुवायला यायची. एक साल तिला दिवस गेले होते, ती आत मावेना. तेव्हा बाबांनी आणि दादाने लांब काठीला कुंचा बांधून वरूनच मला खरवडलं. पालथ्या घड्यावर पाणी! तळाचा गाळ तसाच राहिला. पुढची सगळी वाइन आंबली. बाबांनी तोंड वाकडं न करता एक घोट घेतला आणि बाकीची काढून वांग्यांच्या वाफ्यात ओतली. वांग्यांनीसुद्धा त्या वर्षी मान टाकली. लोकांनी मला नावं ठेवली. मी ऐकून घेतली नाहीत. मळक्या अंगाने गोड राहायचं व्रत मी घेतलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. घर, मळा, कोठार आता दादाकडे. वाइन काढून झाल्यावर एका सकाळी तो छिन्नी आणि हातोडा घेऊन माझ्यापाशी उकिडवा बसला. त्याची बायको, म्हणजे काडीची वहिनी, दारात कणीक भरल्या हातांनी उभी.

"अहो, काय करताय?"

"तोंड कापतोय. मोठं करतो. दर वर्षी कोणाची वाट बघायची? बहिणीच्या खांद्यांवर घर चालवायचं का आपण?"

"आत्तापर्यंत कोणाच्या खांद्यांवर चाललंय?"

दादाने छिन्नी माझ्या काठावर ठेवली आणि हातोडा मारला. मी असा वाजलो की छपरावरची कबुतरं उडाली. काठाचा एक टवका उडाला, बोटभर. पण छिन्नी घसरली आणि दुसरा घाव त्याच्याच अंगठ्यावर बसला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. मी वीट नाही. कच्चा होतो तेव्हा चिमटीत आकार घेतला असता, आता नाही. फोडायचं तर पुरता फोड, माझे तुकडे होतील, पण तुझ्या मापाचा मी होणार नाही. असं मी म्हणालो. त्याला ते नुसतं घुमल्यासारखं ऐकू आलं असेल.

तो अंगठा चोखत बाहेर गेला आणि वहिनीने फोन लावला.

काडी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली. रडली नाही. आधी माझ्यापाशी बसली, टवका उडालेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी," दादा म्हणाला.

"आणि अंगठ्याला काय झालं?"

दादाने माझ्याकडे हनुवटी केली. "याने केलं."

"बरं केलं," काडी म्हणाली. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

मग बोलणी झाली. तोंड मोठं केलं तर वाइन टिकणार नाही हे दादाला माहीत होतं. तो म्हणाला, टिकली नाही तर नाही, लवकर पिऊन टाकू. काडीने सांगितलं की ती यापुढे नुसती धुवायला येणार नाही. द्राक्षं तुडवण्यापासून वाइन काढण्यापर्यंत सगळं तिचं ती करणार. बाबा होते तोवर मदत केली, आता तिला तिचं काम हवं. "इतकी वर्षं आत मी उतरले. यात काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

"म्हणजे रांजण तुझा?"

"तूच सांग."

दादा दुखऱ्या अंगठ्याकडे बघत राहिला. शेवटी वहिनी म्हणाली, "आधी धुऊन तर घ्या. भांडण कुठे पळून जातंय?"

दिवा खाली आला. छान तेवला. काडी आत आली, आता जरा अडत, कारण दोन बाळंतपणं झालेली, पण आली. कुंभाराची ती दोन बोटं कामाला आली. आणि दोर धरायला माझ्या तोंडाशी, आयुष्यात पहिल्यांदा, दादा बसला.

"दादा, आहेस?"

"आहे."

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"मघाशी विचारलं तेच. रांजण कोणाचा?"

उत्तर नाही. काडीचा कुंचा दोनदा फिरला.

"दादा, उत्तर द्यायचं असतं. नियम आहे."

उत्तर नाही. मी वर त्याचा चेहरा बघत होतो. जबडा आवळलेला, डोळे दोरावर.

तेव्हा काडीने कुंचा खाली ठेवला, कमरेचा दोर सोडला, आणि माझ्या पोटाच्या वळणाला पाठ लावून गुडघे छातीशी घेऊन बसली. तीही गप्प. तू नाही तर मीही नाही. माझ्या पोटात आजवर असं कधी झालं नव्हतं.

"काडी?" वरून आवाज.

ती गप्प.

"काडी! ए, चेष्टा करू नकोस. बोल!"

दादाने दोर ओढला. दोर एकटाच वर गेला.

तो ओरडला. असा ओरडला की वहिनी धावत आली. त्याने शिडी बघितली नाही, काही बघितलं नाही. पाय माझ्या तोंडात घातले आणि सोडलं अंग. पाय आले, मांड्या आल्या, पोट थोडं कुरकुरत आलं, आणि छातीशी येऊन तो अडकला. पक्का. दोन्ही हात बाहेर, मुंडकं बाहेर, बाकी सगळा आत लोंबकळतोय.

खरं सांगतो, सोडायची मला काही घाई नव्हती.

"वर ओढ मला! नाही, खाली ढकल! ती खाली आहे, ती बोलत नाही!" दादा रडायलाच लागला. "काडी! अगं रांजण तुझा, घर तुझं, सगळं घे, बोल फक्त!"

खालून त्याच्या तळव्यावर टिचकी बसली.

"दादा, पाय बाजूला घे. अंधार झालाय इथे."

मग दादाने तिला अशा काही शिव्या दिल्या की कुंभार जिवंत असता तर त्याने शिकून घेतल्या असत्या. काडीने सगळ्या ऐकून घेतल्या.

"संपल्या?"

"संपल्या."

"घाबरून म्हणालास ते मी धरत नाही. सगळं मला नको. आता नीट सांग. मघाशी का बोलला नाहीस?"

अडकलेल्या माणसाला जायला जागा नसते. त्याला खरंच बोलावं लागतं.

"मी काय बोलू?" दादा म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की वहिनीला ऐकू आला नसेल, पण मला त्याच्या छातीतूनच ऐकू आला. "रांजण तुझा म्हटलं तर मग मी कोण? बादल्या आणणारा? बाबा तुझ्याशी बोलायचे. या भोकातून तासन्‌तास बोलायचे. माझ्याशी जन्मात बोलले नाहीत. मी रोज त्यांच्याबरोबर मळ्यात, रोज, आणि एक शब्द नाही. माझं माप कोणी घेतलंच नाही, काडी. मला एकदा आत उतरायचं होतं, म्हणून कापत होतो तोंड. आता हस."

काडी हसली नाही. तिने वर लोंबणाऱ्या पायाला हात लावला, घोट्याशी.

"काय बोलायचे ते?" दादाने विचारलं. "माझ्याबद्दल बोलायचे कधी?"

मी कान टवकारले. मला सगळं ठाऊक होतं. ती काही गोड बनवून सांगते का, ते बघत होतो.

"पाठीबद्दल बोलायचे," काडी म्हणाली. "पावसाबद्दल. आईबद्दल दोनदा. तुझ्याबद्दल नाही. ते आपणहून काहीच बोलले नाहीत रे. मी विचारायचे आणि त्यांना बोलावं लागायचं. तू विचारलं असतंस तर... नाही. तुला वर बसून विचारायला मिळालंच नसतं. ते चुकलं त्यांचं. माप घेताना सगळे हसले, मीही हसले होते."

"मीही हसलो होतो," दादा म्हणाला.

"अहो, पण आता निघायचं कसं?" वहिनी म्हणाली. "तेल आणू का?"

"तेल नको!" खालून काडी.

"तेल नको!" वरून दादा. "रांजणाला वास लागेल!"

"साबण?"

"साबण नको!" दोघंही.

"मग काय, गोड शब्द लावू?" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काय भावंडं आहेत! जीव गेला तरी चालेल, रांजण बाटता कामा नये."

शेवटी वाइन काढताना निघालेला गाळ बादलीत वर होता, तो वहिनीने त्याच्या बगलांत आणि छातीभोवती थापला. बुळबुळीत, जांभळा, माझ्याच घरचा. खालून काडीने तळवे ढकलले, वरून वहिनीने काखेत हात घातले, आणि दादा बाटलीच्या बुचासारखा बाहेर आला. जांभळा झाला होता गळ्यापासून बेंबीपर्यंत. तो तिथेच माझ्या काठाशी आडवा पडून राहिला. मग कुशीवर वळला आणि डोकं माझ्या तोंडात घातलं.

"काडी, घास तू. मी बोलतो."

आणि तो बोलला. कशाबद्दल, ते मी सांगणार नाही. माझ्या पोटात टाकलेलं मी असं कोणापुढे ओतत नाही. एवढंच सांगतो की पाणी गार झालं, वहिनीने पुन्हा तापवून आणलं, तेही गार झालं.

काडी बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. रांजण तुझा. खड्डा माझा."

काडीने जरा विचार केला. "चालेल."

माझी वाटणी झाली आणि मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की मी कोणाचाच नाही, मी माझ्या कामाचा. पण असू दे. माणसांना वाटणी केल्याशिवाय झोप येत नाही.

त्यानंतर उन्हाळ्यात एक हॉटेलवाला आला. पांढरे बूट, धुळीला घाबरत चालणारा. त्याला म्हणे जुने रांजण हवेत, दारात आडवे ठेवून फुलझाडं लावायला. माझा टवका बघून म्हणाला, "काही हरकत नाही, फुलांत झाकून जाईल." त्याने दादाला विचारलं, विकणार का.

"मी कसा विकणार? रांजण बहिणीचा आहे."

तो काडीकडे गेला.

"रांजण माझा आहे," काडी म्हणाली, "पण खड्डा भावाचा. उकरायचं तर त्याची परवानगी लागेल."

तो पुन्हा दादाकडे. दादा म्हणाला, खड्डा माझा, पण त्यातलं काही हलवायचं तर बहिणीला विचारा. बिचाऱ्याच्या कोठारातून मळ्यात आणि मळ्यातून कोठारात अशा फेऱ्या झाल्या. बूट लाल झाले. शेवटी वहिनीने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, घरी जा. या दोघांनी एकमेकांत ठरवलंय."

यंदाची द्राक्षं काडीने तुडवली. चोथा दाबायला तिला दांडा लांब पडला, तिने कापून आखूड केला. वर उसळताना मी तिला अजिबात सूट दिली नाही, तिनेही मला दिली नाही. दादा मळ्यातून येतो, काठाशी बसतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "काय म्हणतोस?" कोणाला म्हणतो कोण जाणे. मी उत्तर देतो. आंबण्याचा आवाज समजून तो उठून जातो.

आता खळबळ शमलीय. काडी अंगणात माती मळतेय. थोड्या वेळात माझ्या तोंडावर दगडी झाकण येईल आणि कडेने ओली माती लिंपली जाईल. टवका उडालाय तिथे जरा जास्त लिंपावी लागेल, लिंपेल ती. मग थंडी सरेपर्यंत माझं तोंड बंद.

तेव्हा जाता जाता एवढंच. मला जुना म्हणा, दारूचा म्हणा, मला चालतं. बिचारा मात्र म्हणू नका. आणि तुमच्यापैकी कोणाच्या मनात मला उकरून न्यायचं असेल, माझं तोंड मोठं करायचं असेल, माझ्यात फुलं लावायची असतील, तर रीतसर विचारा. आधी रांजणाच्या मालकिणीला विचारा. मग खड्ड्याच्या मालकाला विचारा. मग मला विचारा. माझं उत्तर आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तुमची खेप वाचेल.

नाही.